रशियाच्या लोकसंख्या मनोऱ्यातले खड्डे: युद्धामुळे मुलं कमी होतात की जास्त?

भूगोलवाली_नाशिक

नमस्कार मंडळी. मी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते. बारावीला सध्या लोकसंख्येचा धडा चालू आहे. पुस्तकातल्या आकृत्या झाल्यावर पोरांना खरे मनोरे (वयानुसार लोकसंख्येचे आलेख, खाली लहान वयाची माणसं, वर मोठ्या वयाची) दिसावेत म्हणून भारत, जपान, नायजेरिया आणि रशिया असे चार देश प्रोजेक्टरवर लावले. पहिले तीन पटापट कळले. रशियाचा लावला तर एका मुलीनं विचारलं, मॅडम हा दोन्ही कडांनी उंदरानं कुरतडल्यासारखा का दिसतोय? मी दुसरं महायुद्ध सांगितलं, त्यावर ती म्हणाली की युद्ध १९४५ ला संपलं ना, मग खालचे थर म्हणजे आत्ता पंचविशी-तिशीत असलेली माणसं तिथे पण खड्डा कसा? तेवढ्यात दुसरा एक म्हणाला की आजोबा सांगतात युद्धानंतर उलट भरपूर मुलं होतात, अमेरिकेत बेबी बूम झाला होता. तास संपला म्हणून थांबलो, पण उत्तर द्यायचंय मला त्यांना, आणि नीट द्यायचंय.

माझ्या डोक्यातला गोंधळ असा आहे की युक्रेनमध्ये युद्धामुळे जन्म धाडकन खाली आले हे आपण सगळेच वाचतोय, पण इस्रायल सतत युद्धाच्या छायेत असून तिथे बाईमागे जवळपास तीन मुलं आहेत, आणि दक्षिण कोरियाच्या डोक्यावर उत्तर कोरिया बसलाय, १९५३ ला फक्त युद्धबंदी झाली, शांतता करार आजपर्यंत नाही, आणि तिथे २०२३ ला जननदर (बाईमागे सरासरी मुलं) ०.७२, म्हणजे जगात तळाला. मग देश असुरक्षित असला की लोक मुलं जास्त होऊ देतात की कमी? कुणी यावर काम केलं असेल किंवा अशा ठिकाणी राहत असेल तर प्लीज लिहा.

---

आकडेमोड

मॅडम तुमच्या विद्यार्थिनीनं बरोबर जागेवर बोट ठेवलंय. आधी तिच्या खड्ड्याचं बघू, बाकीचं त्यातूनच सुटेल.

१९४१ ते ४५ मध्ये सोव्हिएत रशियात पुरुष आघाडीवर, बायका कारखान्यात आणि शेतात, खायची मारामार, त्यामुळे जन्म फारच कमी झाले. हा पहिला खड्डा. आता त्या चार वर्षांत ज्या थोड्या मुली जन्मल्या त्या १९६५-७० च्या सुमाराला आया झाल्या, आया कमी म्हणून बाळंही कमी, दुसरा खड्डा. त्यांच्या मुलींची वेळ आली ती १९९० च्या दशकात, आणि नेमका तेव्हाच सोव्हिएत संघ कोसळला, पगार महिनोन्महिने मिळत नव्हते, म्हणजे आया आधीच कमी आणि ज्या होत्या त्यांनीही चान्स घेतला नाही, तिसरा खड्डा आणि तो फार खोल. १९८७ ला रशियात २५ लाख बाळं जन्मली होती, १९९९ ला जेमतेम १२ लाख. आत्ता आई व्हायच्या वयात आहेत त्या या १९९० च्या दशकातल्या मुली, आणि पुन्हा युद्ध चालू आहे. २०२४ चा जन्मांचा आकडा परत १२ लाखांच्या आसपास गेलाय. म्हणजे १९४१ चं युद्ध आज तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या बाळंतपणांच्या संख्येत दिसतंय. पोरांना फळ्यावर २५-२५ वर्षांच्या उड्या मारून दाखवा, लगेच कळेल.

याचं दुसरं उदाहरण फ्रान्स, आणि मला स्वतःला ते सगळ्यात बोलकं वाटतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे १३-१४ लाख सैनिक मेले हे सगळ्यांना माहीत असतं. पण जवळपास तितकीच बाळं जन्मलीच नाहीत, कारण त्यांचे होऊ शकणारे बाप खंदकात होते. १९१६ ला जन्म युद्धाआधीच्या निम्म्यावर आले होते. आता १९१५-१६ ला जो मुलगा जन्मला नाही तो २० वर्षांचा कधी झाला असता? १९३५-३६ ला. बरोबर तेव्हा हिटलरनं सक्तीची भरती परत सुरू केली आणि फ्रान्सच्या भरतीच्या याद्या निम्म्या झाल्या. पोरंच नाहीत म्हणून फ्रान्सला १९३५ ला लष्करी सेवा एक वर्षाची दोन वर्षं करावी लागली. तिथे या पिढीला ‘पोकळ वर्ग’ म्हणायचे.

आणि हेच आज युक्रेनमध्ये चाललंय. २००१ च्या सुमाराला युक्रेनचा जननदर १.१ च्या आसपास होता, म्हणजे आज विशीत असलेली पिढी तिथे सगळ्यात लहान आहे. त्यामुळे सैनिक कमी पडत असूनही सरकारनं भरतीचं किमान वय फार खाली आणलं नाही, एप्रिल २०२४ मध्ये २७ वरून २५ केलं तेवढंच. अमेरिका मागे लागली होती की १८ करा, ते करायला तयार नाहीत, कारण ही मुलं गेली तर पुढे बाप कोण होणार.

बेबी बूमबद्दल संध्याकाळी लिहितो, त्यात लोक समजतात त्यापेक्षा बरीच गुंतागुंत आहे.

---

विनित्सिया_बॅच

आकडेमोड सर, ‘होऊ शकणारे बाप’ वाचून थांबले जरा.

मी युक्रेनला विनित्सियामध्ये एमबीबीएस केलं, फेब्रुवारी २०२२ ला शेवटच्या वर्षाला होते, रोमानियाच्या बॉर्डरवरून बाहेर पडून ऑपरेशन गंगाच्या, म्हणजे भारत सरकारनं सोडवून आणायला पाठवलेल्या, फ्लाइटनं आले. आता मराठवाड्यात काम करते. प्रसूती विभागाची पोस्टिंग तिथे केली होती त्यामुळे युद्धाआधीचं चित्र बघितलंय. तेव्हाही बहुतेक बायकांचं पहिलं बाळंतपण आणि दुसरं करणार का विचारलं की फ्लॅट नाही, नवरा पोलंडला कामाला असतो ही उत्तरं. म्हणजे युद्धानं जननदर पाडला असं आपण म्हणतो पण तो आधीच १.२ च्या आत आला होता. २०२१ ला पावणेतीन लाखांच्या आसपास जन्म होते, २०२३ ला एक लाख ८७ हजार. हा फरक मात्र युद्धाचा.

हा फरक कसा पडतो ते माझ्या एका सिनिअर मॅडमकडून कळतं. त्या अजून तिथेच प्रॅक्टिस करतात, आमचा कॉन्टॅक्ट आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका तीन प्रकारच्या. एक म्हणजे नवरा आघाडीवर, वर्षातून काही दिवस सुट्टीवर येतो, त्या सुट्टीची तारीख आणि बाईचं चक्र जुळवायचा प्रयत्न करत असतात, तारीख बदलली की गेला चान्स, पुढची सुट्टी कधी ते माहीत नाही. दुसऱ्या म्हणजे पस्तिशी ओलांडलेल्या, ज्यांनी आधी कोविड म्हणून थांबवलं मग युद्ध म्हणून थांबवलं आणि आता सोनोग्राफीत बीजं किती उरलीत हे मोजून घ्यायला येतात. त्यांच्यासाठी ‘युद्ध संपल्यावर बघू’ हा पर्यायच नाहीये. तिसऱ्या म्हणजे ज्या आता येतच नाहीत, पन्नास लाखांहून जास्त लोक देशाबाहेर आहेत आणि त्यात बायका-मुलंच जास्त, कारण युद्ध सुरू झाल्यावर १८ ते ६० च्या पुरुषांना बाहेर जायला बंदी घातली होती. जर्मनी पोलंडमध्ये त्यांची मुलं शाळेत जायला लागली, तिथली भाषा बोलायला लागली. त्या परत येतील का हा प्रश्न मला जननदरापेक्षा मोठा वाटतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण मला ती विसरता येत नाही. सैनिकांचं वीर्य सरकारी खर्चानं गोठवून ठेवायचा कायदा तिथे झालाय. मूळ कायद्यात असं होतं की सैनिक मेला तर नमुना नष्ट करायचा, त्यावर विधवांनी आणि वकिलांनी एवढा आवाज उठवला की २०२४ ला दुरुस्ती करून मृत्यूनंतर तीन वर्षांपर्यंत जपून ठेवायची तरतूद करावी लागली. नवरा गेल्यावर फॉर्मवर सही करून त्याचं मूल वाढवायला तयार असलेल्या बायका आहेत तिथे. तेव्हा युद्धात लोक मुलं होऊ देतात की नाही याला एक उत्तर नाही हो मॅडम, एकाच वॉर्डात तुम्हाला दोन्ही टोकं दिसतील.

---

रेवदंडा_ते_अश्दोद

मी इस्रायलहून लिहितेय, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळ रेवदंड्याकडचे, १९७० च्या दशकात इकडे आलो, मराठी अजून घरात चालते म्हणून अधूनमधून इथे वाचत असते. इस्रायलचं नाव निघालं म्हणून लिहिते.

बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही देशासाठी, सैन्यासाठी मुलं जन्माला घालतो. असं कुणी घरी बोलत नाही गं. माझ्या सुनेला तिसरं झालं २०२४ ला. मुलगा तेव्हा मिलुईमवर, म्हणजे राखीव सैनिक म्हणून बोलावलेला, महिनोन्‌महिने ये-जा. दोन नातवंडं आणि पोटुशी सून माझ्याकडेच होती. सायरन वाजला की अश्दोदला आम्हाला ४५ सेकंद मिळतात, धाकट्याला उचलायचं, मोठ्याला हाताला धरायचं आणि ममादमध्ये जायचं. ममाद म्हणजे घरातलीच जाड भिंतीची खोली, १९९१ च्या आखाती युद्धानंतर नवीन घरांना सक्तीची झाली. आमच्या ममादमध्येच पाळणा लावला होता म्हणजे रात्री बाळाला हलवायला नको. बाळाचा मालिदा, म्हणजे आमच्यातला देवाचे आभार मानायचा विधी, मुलगा येईपर्यंत लांबवला, पण केला, नारळ पोहे सगळं साग्रसंगीत.

मग हिला तिसरं का हवं होतं? मी विचारलं होतं तिला, भांडणच झालं होतं आमचं, मी म्हणत होते आत्ता कशाला. तर ती म्हणाली आई तुम्ही दहा मिनिटांवर आहात, माझी आई अर्ध्या तासावर आहे, आत्ता नाही तर कधी. देश एवढासा आहे की शुक्रवारी संध्याकाळी सगळे जेवायला एकत्र असतात. मूल होत नसेल तर दोन मुलं होईपर्यंत टेस्टट्यूबचा खर्च सरकारी विमा करतो, ४५ वर्षांपर्यंत. एकटी बाई असेल तरी करतो. आणि ज्यांच्या आजी-आजोबांची अख्खी घरं युरोपात मारली गेली त्यांच्या घरात पाळणा रिकामा ठेवणं फार जड जातं, हे मी भारतातून आलेली असून माझ्या व्याह्यांकडे बघून शिकले.

हे पण लिहिते की सगळ्यांना असं जमत नाही. माझ्या भाचीचा नवरा लांबच्या ड्यूट्या करून आला तो पहिल्यासारखा राहिला नाही. त्यांनी दुसऱ्याचा विचार सोडून दिला. आणि पलीकडे गाझात ज्या बायका बाळंत झाल्या त्यांचे हाल मी टीव्हीवर बघते तेव्हा मला माझी सूनच दिसते. ऑक्टोबर २०२३ ला तिथे ५० हजार बायका गरोदर होत्या असं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं होतं. त्यांचं पुढे काय झालं असेल.

---

आकडेमोड

मावशी तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. एक भर घालतो. इस्रायलमधल्या मुस्लिम बायकांना १९६० च्या दशकात सरासरी नऊच्या आसपास मुलं होती, आता तीनच्याही आत आलीत, आणि धर्मनिष्ठ हरेदी ज्यूंमध्ये सहाच्या वर तर सेक्युलर ज्यूंमध्ये दोनच्या आसपास. तीच युद्धं, तेच सायरन आणि आकडे इतके वेगळे. म्हणून नुसती असुरक्षितता हे कारण धरून गणित सुटत नाही.

आता बेबी बूम. आजोबांनी सांगितलेलं अमेरिकेपुरतं खरं आहे, तिथे १९५७ ला ४३ लाख बाळं जन्मली. पण युद्ध संपलं म्हणून परत आलेल्या सैनिकांनी राहिलेली मुलं करून घेतली असं असतं तर दोन-तीन वर्षांत ते आटपलं असतं, युद्धानंतर बारा वर्षांनी शिखर आलं नसतं. घर घ्यायला सरकारी कर्ज, एकाच्या पगारात संसार, लवकर लग्नं, हे सगळं त्यामागे होतं. आणि स्वीडन युद्धात उतरलाच नाही तरी तिथे १९४५ पर्यंत जन्म चांगलेच वाढले. फ्रान्समध्ये तर १९४२ पासून, म्हणजे जर्मनांच्या ताब्यात असतानाच, आकडा वर जायला लागला होता. याउलट पूर्व जर्मनी बघा, १९८९ ला भिंत पडली, एक गोळी सुटली नाही, लोकांना स्वातंत्र्य मिळालं, आणि १९९४ पर्यंत जननदर १.५७ वरून ०.७७ वर आला. नोकरी राहील का, पाळणाघर राहील का, भाडं किती होईल काहीच कुणाला माहीत नव्हतं. माझं मत असं की बाई आणि तिचा नवरा पुढच्या चार-पाच वर्षांचा अंदाज बांधू शकतात का, यावर सगळं ठरतं. बॉम्ब हे तो अंदाज मोडायचं एक कारण, एकमेव नाही.

---

सुभेदार_सातारा

जय हिंद. मी निवृत्त आहे, २४ वर्षं सेवा. आकडे मला कळत नाहीत पण फौजेतलं सांगतो.

आमच्याकडे दोनच शब्द, फिल्ड आणि पीस. पीस पोस्टिंगला फॅमिली क्वार्टर मिळाला की फॅमिली येते आणि मग मुलं होतात. फिल्डला असलात की वर्षाची सुट्टी तेवढी. आमच्या पलटणीतल्या कितीतरी जणांच्या दोन मुलांत सात-आठ वर्षांचं अंतर आहे ते एवढ्याचसाठी. १९९९ ला कारगिलच्या वेळी सुट्टीवर गेलेल्यांना परत बोलावलं, माझ्या शेजारच्या गावातल्या पोराचं लग्न होऊन नऊ दिवस झाले होते. तो सुखरूप आला, देवाची कृपा. पण ती मुलगी चार महिने कशी राहिली असेल. मॅडम, तुमच्या मुलांना हे सांगा की एका सैनिकाच्या मागे एक घर थांबलेलं असतं.

दुसरं, मी काश्मीरला दोन वेळा होतो. तिथे पस्तिशीचे अविवाहित मुलगे-मुली खूप बघितले. नोकऱ्या नाहीत, बंद, कर्फ्यू, लग्नं लांबत जातात. तिथला जन्मदर आता महाराष्ट्रापेक्षा कमी आहे असं वाचलं, ते दहशतवादामुळेच असणार.

---

आकडेमोड

सुभेदार साहेब, सलाम. आकडा बरोबर आहे, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत जम्मू-काश्मीर १.४ आणि महाराष्ट्र १.७. पण त्याच पाहणीत गोवा १.३ आहे, तिथे कुठे कर्फ्यू होता? मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली, घरं छोटी झाली, की सगळीकडेच आकडा खाली येतो. काश्मीरमध्ये लग्नं लांबायला अशांततेनं हातभार लावला असेल हे मला पटतं, पण ‘मुळेच’ म्हणायला मी धजणार नाही.

---

सुभेदार_सातारा

तुमचं गोव्याचं उदाहरण मान्य. पण गोव्यातला मुलगा मर्जीनं थांबतो, बारामुल्ल्यातला नाइलाजानं. कागदावर आकडा सारखा दिसेल, घरातली गोष्ट सारखी नाही. मी त्यांच्या घरी चहा प्यालोय म्हणून बोलतोय.

---

भूगोलवाली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतेय. सुभेदार काका, तुमचं शेवटचं वाक्य वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

एक उपप्रश्न. सरकारं यात काय करू शकतात? युद्धात माणसं गेली की सरकार म्हणतं मुलं जन्माला घाला. त्याचा उपयोग होतो का?

---

विनित्सिया_बॅच

सोव्हिएतांनी केलेलं आम्हाला तिकडे शिकवलं होतं. नोव्हेंबर १९४१ ला, शत्रू मॉस्कोच्या दारात असताना, मूल नसलेल्यांवर कर लावला, आणि तो पुढे सोव्हिएत संघ संपेपर्यंत राहिला. जुलै १९४४ ला दहा मुलांच्या आईला ‘वीरमाता’ पदक. पण त्याच हुकमात अजून एक कलम होतं ज्याबद्दल कमी बोललं जातं. लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या बापावर कसलीच जबाबदारी नाही, त्याचं नाव लागणार नाही, पोटगी नाही, सरकार आईला थोडा भत्ता देईल. पुरुष उरलेच नव्हते, १९५९ च्या शिरगणतीतसुद्धा पुरुषांपेक्षा बायका दोन कोटींनी जास्त होत्या. त्यामुळे लाखो मुलांच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असायची, आणि शाळेत नाव घालताना, नोकरीला लागताना ती रेघ सगळ्यांना दिसायची. आकडा वाढावा म्हणून काढलेल्या हुकमाची किंमत त्या आयांनी आणि मुलांनी मोजली, याचा मला राग येतो. रशियानं २०२२ ला ते पदक परत सुरू केलं, दहा मुलांना दहा लाख रुबल, आणि २०२४ ला ‘मूल नको’ या विचाराच्या प्रचारावर बंदी घातली.

---

आकडेमोड

याच्या जोडीला इराण दाखवा मॅडम, कारण तिथे युद्ध चालू असताना जन्म वाढलेले होते. १९८० ते ८८ इराकशी युद्ध. तिथले सर्वोच्च नेते खोमेनींनी दोन कोटींच्या सेनेची हाक दिलेली, क्रांतीनंतर कुटुंबनियोजन बासनात गेलेलं, मुलींच्या लग्नाचं कायदेशीर वय नऊवर आणलेलं. आणि एक साधी व्यवहारातली गोष्ट, रेशनची कुपनं माणशी मिळायची, म्हणजे घरात डोकी जास्त तर साखर, तेल जास्त. बाईमागे सहाच्या वर मुलं. १९७६ ला ३ कोटी ३७ लाख असलेली लोकसंख्या १९८६ ला ४ कोटी ९४ लाख झाली, त्यात अफगाण निर्वासितही आले.

युद्ध संपलं आणि सरकारच्या लक्षात आलं की एवढ्यांना शाळा, नोकऱ्या कुठून देणार. १९८९ ला धोरण पूर्ण उलटं केलं. गावोगावच्या आरोग्य घरांतून गोळ्या, नसबंदी फुकट, लग्नाआधी नवरा-नवरीला कुटुंबनियोजनाचा वर्ग सक्तीचा, १९९३ च्या कायद्यानं चौथ्या मुलापासून सवलती बंद. मुली शाळेत जायला लागल्याच होत्या. २००० पर्यंत आकडा दोनच्या आसपास. जगात इतक्या वेगानं क्वचितच कुठे उतरला असेल.

नंतर वरच्या लोकांना हे जास्तच झालं असं वाटलं. २०१२ पासून पुन्हा जास्त मुलांचा आग्रह, २०२१ ला नवीन कायदा, सरकारी दवाखान्यांतून मोफत गर्भनिरोधकं बंद, नसबंदीवर बंधनं, गरोदरपणातल्या तपासण्यांवरही बंधनं, वर कर्ज आणि जमिनीची आमिषं. युद्धात जन्मलेल्या त्या मोठ्या पिढीतल्या बायका तोवर चाळिशीकडे आल्या होत्या. मधे २०१६-१७ च्या सुमाराला दर थोडा वर येऊन २.१ जवळ, म्हणजे लोकसंख्या टिकायला लागतो तितका, गेला होता, पण नंतर परत दोनच्या खाली घसरला.